कोठाराची किल्ली

दिवाळीच्या फराळाची तयारी सुरू झाली की मला आमच्या जुन्या घरातले बळद आठवते. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागेल. माजघराच्या जाड भिंतीत धान्य साठवण्यासाठी ठेवलेली ती पोकळी. वरच्या तोंडातून धान्य ओतायचे आणि खालच्या भोकातून लागेल तसे काढायचे. आमचे बळद कोठीच्या खोलीत होते. त्या खोलीला कुलूप असे आणि कुलपाची किल्ली आजीच्या कनवटीला असे. १९७२ सालच्या दुष्काळात मी शाळेत जाऊ लागलो होतो. रेशनवर परदेशातला तांबडा मिलो मिळे आणि त्याच्या भाकरीला आम्ही मुले नाके मुरडीत असू. त्या दिवसांत संध्याकाळी मागच्या दाराशी दोन-चार बायका येऊन मुकाट्याने उभ्या राहत. आजी किल्ली काढी, मापट्याने जोंधळा त्यांच्या पदरात घाली आणि पुन्हा कुलूप लावी. आजी देवमाणूस आहे, असे सारी आळी म्हणे. आम्हांलाही ते खरे वाटे आणि अजूनही खोटे वाटत नाही.

ही आठवण वर काढण्याचे कारण मात्र वाङ्मयीन आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांना महापूर आला. सांगली-कोल्हापूरची शेकडो गावे पाण्याखाली गेली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली आणि वाचायला निघालेली माणसे बुडाली. पाणी ओसरल्यावर जे लेख आले, जी भाषणे झाली, त्यांत एक शब्द फार वेळा भेटला : चिवटपणा. आपल्या माणसांचा चिवटपणा, गावाची जिद्द, संकटात उभे राहणारे तरुण. पुढच्याच वर्षी करोनाची साथ आली आणि तोच शब्द पुन्हा वापरायला मिळाला. तो शब्द खोटा नाही. परंतु तो ऐकताना मला मागच्या दारी उभ्या राहणाऱ्या त्या बायका आठवू लागल्या. त्याही चिवटच होत्या. त्यांच्या चिवटपणाचे कौतुक करणे आम्हांला सोपे होते, कारण किल्ली आमच्या घरात होती.

तेव्हापासून मनात एक प्रश्न घोळतो आहे. संकट आणि त्या काळातला गावचा कर्ता माणूस, मग तो अंमलदार असो, कारभारी असो की सरपंच, यांची चित्रे आपल्या वाङ्मयाने कशी काढली? त्यातून आपण काय शिकलो आणि काय शिकायचे राहून गेले? या प्रश्नासाठी तीन कथा आणि एक पत्र मी पुन्हा वाचले. योगायोग असा की तिन्ही कथा जवळजवळ एकाच मुलखातल्या आहेत. दामाजीपंतांचे मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात असले तरी एके काळी सांगली संस्थानात होते. अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव वाळवे तालुक्यातले. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगुळे आटपाडीकडचे, म्हणजे जुन्या औंध संस्थानातले. एकाच जिल्ह्यात एका टोकाला महापूर आणि दुसऱ्या टोकाला पाण्यासाठी वणवण! संकटाची इतकी दीर्घ ओळख असलेल्या मुलखाने या विषयावर काही सांगू नये, हे संभवतच नाही.

दामाजीपंतांची कथा मराठी घरात जन्मलेल्या कोणाला सांगायला नको. मंगळवेढ्याला बेदरच्या बादशहाचा अंमल, दामाजीपंत तेथले अंमलदार आणि सरकारी धान्याची अंबारे त्यांच्या ताब्यात. दुष्काळ पडला आणि माणसे अन्नान्न करून मरू लागली. पंतांनी अंबारे उघडली आणि रयतेकडून लुटविली. हाताखालच्या मुजुमदाराने वर कळविले. पंतांना धरून नेण्याचा हुकूम सुटला. ते वाटेत असतानाच पंढरीचा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बेदरास गेला, धान्याची रक्कम भरून आला आणि पावती पंतांच्या पोथीत ठेवून मोकळा झाला. महिपतींच्या १७६२ सालच्या भक्तिविजयात ही कथा आहे आणि कीर्तनकारांनी ती खेडोपाडी नेली.

या कथेची गोडी मी शेकडो वेळा चाखली आहे. तिला उणे लावण्याची माझी इच्छा नाही. परंतु भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवून तिच्याकडे निव्वळ कारभाराची कथा म्हणून पाहावे. ज्या कोठारात रयतेच्याच साऱ्याचे धान्य आहे, त्याची किल्ली एका माणसाकडे आहे. दुष्काळात ते उघडण्याची सोय कायद्यात नाही. उघडायचे तर अंमलदाराने आपला जीव पणाला लावला पाहिजे. त्याने तो लावला, हे त्याचे थोरपण. पण त्यानंतर हिशेब जुळत नाही आणि तो जुळविण्यासाठी परमेश्वरालाच खाली यावे लागते. कथाकाराला हा पेच स्वच्छ दिसला होता, असे मला वाटते. म्हणून तर त्याने देवाच्या हातून धान्य वाटविले नाही, पावती आणविली. धान्य माणसाने वाटले आणि देवाने केला तो जमाखर्च! आपल्या संतकथांत इतका व्यवहारी चमत्कार दुसरा क्वचितच सापडेल.

या कथेची मर्यादाही तेथेच आहे. दामाजींनंतर मंगळवेढ्यास जो अंमलदार आला असेल त्याने काय करावे? त्याच्यासाठी देव पुन्हा येईल काय? कथा याविषयी काही सांगत नाही, कारण तिला एक माणूस सांगायचा आहे, एक रीत सांगायची नाही. आणखीही एक गोष्ट खटकते. देवाने रूप घेतले ते महाराचे. त्याच मंगळवेढ्यात १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखामेळा आणि त्याच्याबरोबर राबणारी माणसे चिरडली गेली, असे परंपरा सांगते. गावाच्या रक्षणाची भिंत बांधायची ती ज्यांनी, त्यांचे घर भिंतीच्या बाहेर! अशा गावात अंबारे लुटविली गेली तेव्हा वेशीबाहेरच्यांच्या पदरात किती पडले, हे कीर्तनात कोणी विचारीत नाही. विठू महार पैसे भरायला येतो; धान्य न्यायला आलेला महार मात्र कथेत दिसत नाही.

तो माणूस मराठी वाङ्मयात दिसायला १९५९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फकिरा वाटेगावचा मांग. इंग्रज सरकारच्या लेखी त्याची सारी जातच गुन्हेगार. रोजची हजेरी तिच्या मानगुटीवर बसलेली. दुष्काळ पडतो, माणसे झुरून मरू लागतात आणि फकिरा धान्याचे कोठार फोडून आपल्या माणसांना जगवितो. दामाजी कोठार आतून उघडतात, कारण किल्ली त्यांच्याकडे आहे. फकिरा ते बाहेरून फोडतो, कारण त्याच्याकडे फक्त हात आहेत. कीर्तनकार दामाजींविषयी ‘अंबारे लुटविली’ असे म्हणतात आणि श्रोते डोळे पुसतात. फकिराने तेच केले तर सरकारी दप्तरात दरोडा म्हणून नोंद होते. क्रियापद तेच, भुकेलेही तेच. फरक एवढाच की एकाच्या कमरेला किल्ली आहे आणि दुसऱ्याच्या नाही. अण्णा भाऊंनी दामाजींची कथा डोळ्यांपुढे ठेवून लिहिले असेल असे मी म्हणत नाही. परंतु दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या की दुसरी पहिलीला उत्तर देते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

फकिराची चर्चा बहुधा त्याच्या शौर्याची होते आणि ती व्हावीच. मला मात्र या वाचनात एक दुय्यम पात्र अधिक खुणावत राहिले. गावचे विष्णुपंत कुलकर्णी. दुष्काळात हे पंत मांगवाड्याला उपासमारीने मरण्याची नव्हे, जगण्याची सल्ला देतात. जगण्यासाठी काय करावे लागेल हे त्यांना पुरते ठाऊक आहे, तरीही देतात. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाने दप्तराहून माणूस मोठा मानावा, ही दामाजींची परंपराच पुढे चालली आहे. परंतु विष्णुपंतांच्या हाती अंबार नाही. इंग्रजी अमलात गावच्या कुलकर्ण्याकडे नोंद करण्याची लेखणी राहिली आणि अन्न देण्याची सत्ता दूर कोठेतरी गेली. म्हणून त्यांचा चांगुलपणा मूकसंमतीपुरताच पोहोचतो आणि पुढचा सारा भार फकिराच्या मानेवर पडतो. शेवटी सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते आणि त्यांना सोडविण्यासाठी तो स्वतः हवाली होतो. दामाजींसाठी देव पावती घेऊन आला. फकिरासाठी कोणी येत नाही; आपल्या माणसांच्या जिवाची किंमत त्याला स्वतःलाच भरावी लागते. हा शेवट वाचून ज्याच्या घशात आवंढा येत नाही त्याने कादंबरी वाचलीच नाही, असे म्हणावे लागेल. पण त्या आवंढ्याबरोबर एक विचारही यायला हवा : ज्या व्यवस्थेत गाव जगविण्यासाठी गावातला सर्वांत चांगला माणूस फासावर जावा लागतो, त्या व्यवस्थेत गावाच्या चिवटपणाचे गोडवे किती गावे?

तिसरी कथा या दोहोंहून शांत आहे आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारी. ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये आली. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, हळूहळू त्या वाडीचा होतो आणि शेवटी ओसाड पडलेली वाडी सोडून जातो, इतकीच कथा. टीकाकारांनी तिच्या भाषेतला संयम वाखाणला, माणसांची चित्रे वाखाणली, माणदेशच्या उघड्या माळाचे दर्शन वाखाणले. ते सारे योग्यच आहे. परंतु ही कादंबरी एका वाडीच्या कारभाराचीही कथा आहे, इकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

वाडीचा कारभार पाहतो म्हातारा कारभारी. त्याच्या अधिकाराला शिक्का नाही, पगार नाही. तो सांगतो ते लोक ऐकतात, कारण त्याने पुष्कळ पाहिले आहे. शाळेत पोरे यायची ती त्याच्या शब्दाखातर. मास्तर टिकायचा तो त्याच्या आधारावर. तोच म्हातारा मुलीवरून उठलेल्या कुजबुजीने मास्तरावर रुसतो, तेव्हा साऱ्या वाडीची हवा बदलते. एका माणसाच्या मर्जीवर चाललेल्या कारभाराचे बळ आणि दुबळेपण माडगूळकरांनी एकाच प्रसंगात, आवाज न चढविता, दाखवून दिले आहे. मग मास्तराच्या मनात येते की वाडीला तालीम हवी. घराघरातून हात लागतात, भिंती चढतात, तालीम उभी राहते आणि संस्थानचे राजे स्वतः येतात. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांनी एकत्र येऊन काही उभारले, या आनंदाने वाचकाचेही मन भरून येते. जी पाने वाचून गावकीवरचा विश्वास वाढतो, त्यांत या पानांचा क्रम फार वरचा आहे.

आणि मग पाऊस येत नाही. पुस्तक संपण्यापूर्वी म्हातारा कारभारी गेलेला आहे. मेंढरे मरू लागतात. माणसे बिऱ्हाडे बांधून जगायला बाहेर पडतात. एक बैल असलेल्या शेकूच्या शेजारी त्याच्या बायकोने स्वतःचा खांदा जुवाखाली दिला होता. अशी माणसे होती ती. चिवटपणात उणे नव्हते, एकीत उणे नव्हते. तालीम तर उभीच होती. पण तालमीत बळ साठते, धान्य साठत नाही आणि पाणीही साठत नाही. दामाजींच्या गावात कोठार होते आणि ते उघडणारा होता. फकिराच्या मुलखात कोठार होते आणि ते फोडणारा होता. बनगरवाडीत कोठारच नाही. तेथे किल्ली कोणाकडे असावी हा प्रश्नही उद्भवत नाही.

येथे कोणी म्हणेल की वाडीने तालमीऐवजी विहीर खणायला हवी होती, असे सांगणे म्हणजे कादंबरीला शेतकी खात्याचे पत्रक समजणे आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. माडगूळकरांनी जे लिहिले तेच त्यांनी लिहायला हवे होते. माझा मुद्दा लेखकाविषयी नाही, आपणा वाचकांविषयी आहे. आपण तालमीच्या पानावर डोळे पुसले आणि ओसाड वाडीच्या पानावर उसासा टाकला. ती दोन पाने एकमेकांना काय सांगतात ते विचारले नाही. या औंध संस्थानात २१ जानेवारी १९३९ रोजी राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपला अधिकार प्रजेच्या हाती सोपविला आणि गावपंचायतींवर उभारलेली राज्यघटना लागू केली. महात्मा गांधींचा सल्ला तिच्यामागे होता. देशात त्या वेळी असा प्रयोग विरळाच. तरीही कादंबरी मिटल्यावर मनात राहतो तो कारभारी. पंचायत राहत नाही. माणूस मनात राहतो आणि रीत राहत नाही, हा वाङ्मयाचा स्वभावच असेल. पण दुष्काळात माणूस गेल्यावर उरते ती रीतच.

आता पत्राविषयी. ते प्रसिद्धीसाठी लिहिलेले नव्हते. सावित्रीबाई फुले यांनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. त्यांतले हे शेवटचे, २० एप्रिल १८७७ चे, जुन्नरजवळच्या ओतूरहून लिहिलेले. १८७६चा तो भयंकर दुष्काळ चालू आहे. गुरे मरत आहेत, माणसे झाडपाला खात आहेत, कित्येक गाव सोडून गेले आहेत आणि सावकार गैरफायदा घेत आहेत. सत्यशोधक मंडळींनी जागोजाग कमिट्या नेमून मदतीचे काम चालविले आहे. तशात दंग्याधोप्याच्या निमित्ताने सुमारे पन्नास कार्यकर्त्यांना धरण्यात येते. सावित्रीबाई कलेक्टरापुढे जातात आणि निरपराध, सज्जन माणसांना कशासाठी धरले, असे विचारतात. कलेक्टर न्यायी निघतो; तो त्यांना सोडून देतो आणि लोकांची दशा पाहून जोंधळ्याच्या चार गाड्याही पाठवितो.

हे पत्र मी आपल्या दुष्काळी वाङ्मयाच्या माथ्यावर ठेवीन. त्यात कलाकुसर नाही. लिहिणारीला घाई आहे आणि सांगण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु वरच्या तिन्ही कथांत नसलेली एक गोष्ट त्यात आहे. येथे कोठार आतून लुटविलेले नाही, बाहेरून फोडलेले नाही; येथे कोणीतरी कोठाराच्या धन्यापुढे ताठ उभे राहून प्रश्न विचारला आहे. त्या बाईच्या पाठीशी देव नाही, तलवार नाही. एक कमिटी आहे. हा शब्द तिच्या काळी नवा होता आणि आज आपल्याला तो कंटाळवाणा वाटतो. पण अंमलदाराला चार गाड्या पाठविण्याची बुद्धी झाली, ती एकट्या भुकेकडे पाहून झाली नाही. ज्यांच्या हाती धान्य दिले असता ते भुकेल्यापर्यंत जाईल अशी संघटित, विश्वासाची माणसे तेथे होती, म्हणून त्या गाड्यांचा उपयोग होता. नाहीतर त्या चार गाड्या कोणाच्या बळदात गेल्या असत्या, हे सांगायला नको. पत्राची मर्यादाही उघड आहे : कलेक्टर वाईट असता तर? पुढचे पाऊल येथूनच सुरू होते.

ते पाऊल याच मुलखात पडावे, हा इतिहासाचा न्याय म्हणायचा. १९७२-७३च्या दुष्काळात राज्यभर खडी फोडण्याची, रस्त्यांची, पाझर तलावांची कामे निघाली आणि १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्यच असावे, हा विचार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडला. ते सांगली जिल्ह्यातले. तासगावच्या भागात त्याचा आरंभीचा प्रयोग झाला, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम दिले नाही तर भत्ता द्यावा, असे त्यात लिहिले होते. पैशासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारावर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. विठू महाराने भरलेली रक्कम आता मुंबई-पुण्याचा कारकून दरमहा भरू लागला! मजुरीच्या हजेरीपत्रकात खाडाखोड झाली, मुकादमांनी हात मारले, मोजमापे खोटी निघाली, हे सारे खरे. तरी एक गोष्ट बदलली. मागच्या दारी पदर पसरून उभी राहणारी बाई कचेरीच्या पुढच्या दाराने आत जाऊन काम मागू शकत होती; नाकारले तर कायदा दाखवू शकत होती. २००५ मध्ये केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

आणि पाण्याचे कोठार? नगरजवळच्या हिवरे बाजार या गावाची कथा आता सर्वांना ठाऊक आहे. कमी पावसाचे, माणसे बाहेर जात असलेले गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तेथे डोंगरउतारांवर चर खणले गेले, बांध पडले, झाडे जगली. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि वर्तमानपत्रांनी पुन्हा एका माणसाची कथा सांगितली. दामाजीकथेची सवय अशी सहज सुटत नाही. मला मात्र त्या गावची दुसरीच गोष्ट मोठी वाटते. तेथे दर वर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पिण्याला किती, गुरांना किती, उरले तर कोणते पीक घ्यायचे, हे सर्वांसमक्ष ठरते. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही. म्हणजे कोठार गावाचे, किल्ली ग्रामसभेची आणि हिशेब फळ्यावर. कोणाची मर्जी फिरली म्हणून तेथले पाणी आटू नये, अशी ही तजवीज आहे. बनगरवाडीच्या तालमीला जे जोडायला हवे होते ते हेच.

यात आपल्या वाङ्मयाचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा की ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ साली झाला, जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेचा आधार मिळाला. पण आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत सरपंच आला तो बहुधा मिशीला पीळ देत. सत्तेचा माज आपण उत्तम रंगविला. १९७५च्या ‘सामना’मधला हिंदुराव धोंडे-पाटील कोण विसरेल? तो माज खराच आहे आणि तो रंगवायलाच हवा. परंतु रात्री अकरापर्यंत ग्रामसभेत पाण्याच्या आकड्यांवरून भांडणारी माणसे, पुराच्या आधी नाव कितीजणांना पेलते याची चौकशी करणारी सदस्या, औषधाच्या साठ्याची वही रोज तपासणारा ग्रामसेवक, ही माणसे आपल्या पानांवर क्वचितच येतात. त्यांच्या कामात नाट्य नाही, कारण त्यांनी काम नीट केले तर नाट्य घडतच नाही. नाव उलटली की बातमी होते. न उलटलेल्या नावेची गोष्ट कोण सांगणार? हे आव्हान सोपे नाही, हे मी जाणतो. परंतु शेळ्यामेंढ्यांच्या वाडीतून ज्या भाषेने ‘बनगरवाडी’ काढली, तिला ग्रामसभेतून एखादी कादंबरी काढता येऊ नये, असे मला वाटत नाही.

आमचे ते जुने घर आता पाडले. बळदाची भिंत पाडताना तळाशी मूठभर किडके जोंधळे निघाले. किल्ली माझ्याकडे आहे. कुलूप गेले, तरी टाकवत नाही. आजीला मी आजही देवमाणूस म्हणतो. मात्र त्या मागच्या दारी येणाऱ्या बायकांपैकी एकीचेही नाव मला आठवत नाही, आणि आजी ज्या संध्याकाळी आजारी असे त्या संध्याकाळी त्या काय करीत, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारले नाही. लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. जमाखर्च स्वच्छ असावा, हीच त्या पूजेमागची भावना. यंदा आपल्या घरच्या वहीबरोबर गावच्या वहीचीही आठवण ठेवावी आणि नव्या वर्षात तिच्यात काय लिहिले जाते आहे, ते एकदा ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत जाऊन पाहावे. कोठार कोठे आहे, ते भरलेले आहे की नाही आणि त्याची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे, एवढे विचारले तरी पुरे.